क्लबची पावती, संघटनेचा क्रमांक आणि कलेक्टरचा परवाना

भुसावळ तालुक्यातल्या वरणगावच्या आयुध निर्माणीत देशाच्या सैन्यासाठी काडतुसे तयार होतात. भुसावळ हे मध्य रेल्वेच्या एका विभागाचे मुख्यालय आहे. १ ऑगस्ट २०२४ रोजी स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचे कांस्यपदक घेतले, तेव्हा तो याच मध्य रेल्वेच्या पुणे विभागात तिकीट तपासनीस होता. रेल्वेच्या गावाला हे पदक आपल्या घरातले वाटले. ‘आमच्या पोरीला नेमबाजी शिकायची आहे, कुठे जायचे?’ असे विचारणाऱ्या पालकांसाठी आणि क्लबात नाव घालूनही ज्यांची गाडी अडली आहे त्यांच्यासाठी हा लेख आहे. या खेळातून बाहेर पडणारी पुष्कळ मुले कागद अडला, लेन मिळाली नाही किंवा वडिलांची बदली झाली म्हणून बाहेर पडतात. त्यांतल्या बहुतेक अडचणी सुटण्यासारख्या असतात. फक्त कोणती अडचण कोणाकडे न्यायची, हे ठाऊक हवे.

तीन कागद, तीन ठिकाणे

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून हे आधी.

पहिला कागद क्लबच्या सभासदत्वाचा. त्याने तुम्हाला त्या एका रेंजवर ठरलेल्या वेळी सराव करता येतो, एवढेच. दुसरा कागद खेळाडू म्हणून नोंदणीचा. जिल्हा संघटना, तिच्यावर महाराष्ट्र रायफल असोसिएशन आणि त्यावर नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया अशी ही साखळी आहे. राष्ट्रीय संघटना १९५१ साली स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळणकर, म्हणजे लोकसभेचे पहिले सभापती. त्यांच्या नावाची स्पर्धा आजही राष्ट्रीय स्पर्धेआधीची महत्त्वाची पायरी आहे. या संघटनेचा ओळख क्रमांक नसेल तर अधिकृत स्पर्धेत नाव लागत नाही. तिसरा कागद शस्त्र परवान्याचा. तो १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली आणि २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार जिल्हाधिकारी देतात, म्हणजे भुसावळकरांसाठी जळगावचे जिल्हाधिकारी कार्यालय.

यांतला एकही कागद दुसऱ्याचे काम करत नाही. क्लबचे कार्ड आहे म्हणून बंदूक विकत घेता येत नाही. शेताच्या राखणीसाठी वडिलांना परवाना मिळालेला आहे म्हणून मुलाला रेंजवर प्रवेश मिळत नाही. संघटनेचा क्रमांक आहे म्हणून एखाद्या क्लबने लेन दिलीच पाहिजे, असेही नाही. अडचण आली की पहिला प्रश्न स्वतःलाच विचारावा: अडलेला कागद या तिघांपैकी कोणाचा आहे? चुकीच्या दारात घातलेल्या खेपा या एका प्रश्नाने वाचतात.

परवाना कधी लागतो

दहा मीटरच्या एअर रायफल आणि एअर पिस्तूलसाठी लागत नाही. नळीचा व्यास ४.५ मिलिमीटरपर्यंत आणि छर्‍याची ऊर्जा २० ज्यूलच्या आत असलेली एअर गन परवान्यातून मोकळी आहे. स्पर्धेच्या एअर रायफलची ऊर्जा त्याच्या निम्म्याहूनही कमी असते. म्हणून भुसावळसारख्या गावात सुरुवात एअर गननेच करावी, असे माझे ठाम मत आहे. रेंज छोटी चालते, खर्च कमी येतो आणि पहिले वर्ष परवान्याच्या फेऱ्यांत जात नाही.

खरेदी करताना दुकानदार ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा मागेल, तो द्यावा. बिलावर नळीचा व्यास, ऊर्जा आणि बंदुकीचा क्रमांक लिहून घ्यावा. हे बिल हाच पुढे तुमचा पुरावा असतो. प्रवासात कोणी विचारले तर आणि बंदूक विकायची झाली तर तेच दाखवायचे असते. व्यास किंवा ऊर्जा मर्यादेबाहेर असेल तर गोष्ट परवान्यात जाते, आणि ‘दुकानदार नाही लागत म्हणाला’ हे उत्तर कुठेही चालत नाही. परवाना लागत नाही म्हणजे कुठेही चालवायला मोकळीक, असेही नाही. गच्चीवरून पाखरांवर छर्रे मारणे हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो.

.२२ रायफल मात्र बंदूकच आहे. क्लबच्या परवान्यावरची .२२ तुम्हाला रेंजच्या आत, प्रशिक्षकासमोर वापरता येते. ती घरी नेता येत नाही. स्वतःची हवी असेल तर वय २१ पूर्ण आणि स्वतःचा परवाना. शस्त्र अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाने बाळगायच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आली. मान्यताप्राप्त रायफल क्लबचे सभासद सरावासाठी .२२ किंवा एअर रायफल वापरतात, त्यांना ही संख्येची मर्यादा लागू नाही, असे त्याच कायद्याच्या तिसऱ्या कलमात म्हटले आहे. संख्येतली ही सूट म्हणजे परवान्यातली सूट नव्हे. अनेक सभासद इथे फसतात.

मुलांच्या बाबतीत १२ वर्षे हे वय लक्षात ठेवावे. त्यानंतर प्रौढ प्रशिक्षकाच्या थेट देखरेखीखाली सरावासाठी .२२ किंवा एअर रायफल हाताळता येते. त्याआधी मुलाला घेऊन येणाऱ्या पालकाला क्लब नाही म्हणत असेल, तर क्लबचे बरोबर आहे.

अर्ज परत येतो तेव्हा

बहुतेक वेळा नावामुळे. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधार कार्डावर शेवटी. एका ठिकाणी वडिलांचे पूर्ण नाव, दुसऱ्या ठिकाणी नुसते आद्याक्षर. इंग्रजी स्पेलिंगमध्ये चौधरी, भंगाळे, झांबरे यांचे दोन-दोन अवतार. क्लब हे चालवून घेतो. राष्ट्रीय संघटनेची नोंदणी आणि शस्त्र परवाना दोन्ही ऑनलाइन आहेत, तिथे हे चालत नाही. उपाय एकच: जन्मदाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र हा पाया धरावा, आधार त्याबरहुकूम दुरुस्त करून घ्यावे आणि मगच बाकीचे अर्ज भरावेत. घाईत उलट्या क्रमाने गेले की तीन ठिकाणी दुरुस्ती करावी लागते. जन्मतारखेचा घोळ तर थेट वयोगटावर येतो. आंतरराष्ट्रीय नियमानुसार ज्या वर्षी खेळाडूला २० पूर्ण होतात, त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंतच तो ज्युनिअर असतो.

दुसरे कारण पत्ता. रेल्वे क्वार्टरमध्ये किंवा निर्माणीच्या वसाहतीत राहणाऱ्यांचे आधार बहुधा मूळ गावचे असते, जामनेर, यावल नाही तर थेट विदर्भातले. क्लबसाठी क्वार्टर वाटपाचे पत्र पुरते. परवान्यासाठी पोलिस पडताळणी राहत्या पत्त्यावर होते, आणि भुसावळात शहर, बाजारपेठ आणि तालुका अशी वेगवेगळी पोलिस ठाणी आहेत. आपले घर कोणाच्या हद्दीत येते ते आधी विचारून घ्यावे. चुकीच्या ठाण्याचे नाव लिहिले की कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो आणि अर्जदार जळगावला खेपा घालत राहतो.

परवान्याच्या अर्जासोबत शस्त्र आणि दारूगोळा सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र जोडावे लागते. हे अनेकांना शेवटच्या दिवशी कळते. अर्ज नामंजूर झाला तर कारण लेखी मागावे. ते लिहून ठेवणे अधिकाऱ्यावर कायद्यानेच बंधनकारक आहे. सार्वजनिक हिताच्या दृष्टीने उघड करण्यासारखे नसेल तरच ते रोखता येते. आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येते. जळगाव जिल्ह्यासाठी ते नाशिकच्या विभागीय आयुक्तांकडे जाते. नुसतेच उत्तर येत नसेल तर माहितीच्या अधिकारात एका ओळीचा प्रश्न विचारावा: माझा अमुक क्रमांकाचा अर्ज आज कोणत्या टेबलावर आहे? त्यालाही ३० दिवसांची मुदत आहे.

पैसे भरले, लेन मिळत नाही

मला सगळ्यात जास्त कळवळ्याने लिहावेसे वाटते ते याबद्दल. मूल शाळेतून येते, डबा टाकते, रिक्षाने रेंज गाठते आणि तिथे बाकावर बसून राहते. चार दिवस असे गेले की पाचव्या दिवशी ते येत नाही.

हिशोब सोपा आहे. दहा मीटरचा एक पूर्ण सामना ६० गोळ्यांचा, वेळ ७५ मिनिटे आणि त्याआधी तयारी व सरावाच्या गोळ्यांसाठी १५ मिनिटे. म्हणजे एका लेनवर एका खेळाडूला दीड तास. संध्याकाळी तीन तास रेंज उघडी असेल तर एक लेन दोघांचीच. सहा लेन असतील तर संध्याकाळभरात बारा खेळाडू. आता त्या क्लबचे सभासद साठ असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला पाच दिवसांतून एक दिवस येतो. म्हणून नाव घालण्यापूर्वी पालकांनी शुल्काच्या आधी तीन गोष्टी विचाराव्यात: लेन किती, सध्या सभासद किती आणि क्लबच्या बंदुका किती. यांतली तिसरी संख्या सगळ्यात लहान निघते आणि खरी रांग तिच्यापुढेच लागते. मूल डावखुरे असेल तर डाव्या हाताची बंदूक आहे का, हेही विचारावे. उजव्या हाताच्या मुठीवर डावखुऱ्या मुलाची पहिली दोन वर्षे वाया गेलेली पाहिली की वाईट वाटते.

ज्यांनी पैसे भरलेलेच आहेत त्यांच्यासाठी उपाय वेळापत्रकात आहे. प्रत्येक वेळी पूर्ण सामना मारायची गरज नसते. वीस-वीस गोळ्यांचे तुकडे पाडले तर एका लेनवर तिघे बसतात, आणि शिकणाऱ्याला त्याचाच फायदा होतो, कारण चाळिसाव्या गोळीनंतर नवख्या मुलाचा खांदा थकतो आणि थकल्यावर तो चुकाच गिरवतो. पाळीत काम करणारे रेल्वे कर्मचारी सकाळी मोकळे असतात, मुले संध्याकाळी. क्लबने दोन गट केले तर दोघांचेही भागते. आणि हे वेळापत्रक भिंतीवर कागदावर लावलेले असावे. मोबाइलवरच्या गटात आरडाओरडा करणाऱ्याला लेन मिळते आणि गप्प बसणाऱ्या मुलीची पाळी जाते. क्लबच्या चालकांनी हे एवढे केले तरी निम्म्या तक्रारी येणार नाहीत.

एका कारणाने प्रवेश थांबवला असेल तर मात्र भांडू नये: सुरक्षितता. नळी कायम टार्गेटच्या दिशेला, गोळी मारत नसताना नळीत केशरी सुरक्षा दोरी, पुढे माणूस असताना बंदुकीला हात नाही, ‘स्टॉप’ म्हणताच बोट बाहेर. यांतले काही मोडले म्हणून कोणाला महिनाभर बाहेर बसवले, तर ती शिक्षा मुलाचे भलेच करते. पालकाने ओळखी वापरून ती माफ करून घेऊ नये.

थकलेली वर्गणी

बहुसंख्य क्लब १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली नोंदलेले असतात आणि महाराष्ट्रात त्यांची सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंद असते. त्या अधिनियमाच्या १५ व्या कलमानुसार वर्गणी तीन महिन्यांपेक्षा जास्त थकली तर त्या सभासदाला मत देता येत नाही आणि त्या वेळेपुरता तो सभासद म्हणून मोजलाही जात नाही. परीक्षेच्या काळात रेंजवर न येणारी मुले वर्गणी थांबवतात आणि जूनमध्ये नव्याने प्रवेश शुल्क मागितले की तंटा होतो. फेब्रुवारीतच क्लबला लेखी कळवावे, रजेची सवलत आहे का ते विचारावे आणि पावती घ्यावी. पावती न देणाऱ्या क्लबात पैसे भरूच नयेत.

बदली झाली की

भुसावळची निम्मी अडचण बदलीची आहे. कोणी इटारसीहून येतो, कोणी सोलापूरला जातो. खेळाडू राज्य बदलत असेल तर जुन्या राज्य संघटनेचे ना-हरकत पत्र घेऊन नव्या राज्यात नोंद करावी लागते. हे पत्र सामान बांधण्याआधी घ्यावे, कारण गाव सोडल्यावर ते मिळायला महिने जातात आणि तोवर राज्य स्पर्धेच्या प्रवेशिका बंद होतात. एकाच हंगामात दोन राज्यांकडून खेळण्याचा प्रयत्न करू नये. निकाल रद्द होतो आणि नाव खराब होते. ज्यांच्याकडे शस्त्र परवाना आहे त्यांनी नव्या जिल्ह्यात शस्त्र नेले की ३० दिवसांच्या आत तिथल्या परवाना अधिकाऱ्याला कळवायचे असते. परवान्याची मुदत आता पाच वर्षांची आहे. नूतनीकरणाची तारीख बदलीच्या धांदलीत हुकते, ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी.

उन्हाळा आणि सिलिंडर

भुसावळचा मे महिना काय असतो हे इथे सांगायला नको. पारा ४५ च्या वर गेल्यावर पत्र्याच्या शेडखाली जाड कॅनव्हासचे जॅकेट घालून तासभर उभे राहणे मुलांना झेपत नाही, आणि अनेक क्लब दुपारची वेळ बंद ठेवतात ते योग्यच आहे. एप्रिल ते जून पहाटेची पाळी मागून घ्यावी.

सिलिंडरकडे मात्र कोणी लक्ष देत नाही. आजच्या एअर रायफलमध्ये २०० बार दाबाची हवा असते. २५ अंशांना २०० बारला भरलेले सिलिंडर बंद गाडीत ६० अंशांपर्यंत तापले तर दाब २२३ बारच्या आसपास जातो. म्हणून उन्हाळ्यात ते थोडे कमी भरावे आणि गाडीत ठेवून जाऊ नये. सिलिंडरवर उत्पादनाची तारीख कोरलेली असते आणि बहुतेक उत्पादक दहा वर्षांची मुदत देतात. मुदत संपलेले सिलिंडर स्पर्धेच्या तपासणीत अडते आणि खेळाडू दारातून परत येतो. जुनी बंदूक स्वस्तात घेताना हे सगळ्यात आधी पाहावे. भरायचे तर क्लबच्या कॉम्प्रेसरवरच. वर्कशॉपमधल्या ऑक्सिजनच्या नळकांड्यातून कधीही, कोणीही सांगितले तरी भरू नये. दाबाखालचा ऑक्सिजन आणि थोडेसे तेल एकत्र आले तर स्फोट होतो.

निवडणुकीत हत्यार जमा

आचारसंहिता लागली की परवानाधारकांना शस्त्र जमा करण्याच्या नोटिसा येतात आणि ऐन हंगामात .२२ चा नेमबाज रिकाम्या हाताने बसतो. सरसकट सगळ्यांची शस्त्रे जमा करायची नसतात; कोणाचे जमा करायचे हे छाननी समिती प्रत्येक प्रकरण पाहून ठरवते. स्पर्धांत भाग घेणाऱ्या, राष्ट्रीय संघटनेच्या सभासद खेळाडूंना निवडणूक आयोगाच्या सूचनांमध्ये सूट आहे. ती आपोआप मिळत नाही. ओळख क्रमांक, स्पर्धेचे वेळापत्रक आणि जिल्हा संघटनेचे पत्र जोडून नोटीस येण्याआधीच अर्ज द्यावा.

क्लबशी पटत नसेल तर

क्लब नोंदणीकृत संस्था असेल तर आधी कार्यकारिणीला लेखी पत्र, मग सर्वसाधारण सभेत विषय आणि त्यानेही भागले नाही तर जळगावच्या धर्मादाय कार्यालयात तक्रार. खासगी अकादमीला पैसे देऊन प्रशिक्षण घेतले आणि ते मिळालेच नाही, तर ती सेवेतली त्रुटी आहे. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही. प्रमाणपत्राबाबत आधीच सावध राहावे. शासकीय नोकरीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणासाठी किंवा शाळेच्या सवलतीच्या गुणांसाठी स्पर्धा मान्यताप्राप्त संघटनेचीच लागते. चषक मोठा आणि संघटना अनोळखी असेल तर भरमसाट प्रवेश शुल्क भरण्याआधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारून घ्यावे.

रेंज लांब पडते तेव्हा

मुंबईतली महाराष्ट्र रायफल असोसिएशनची वरळीची रेंज भुसावळहून साडेचारशे किलोमीटरच्या आसपास आहे, पुण्यातली बालेवाडीची रेंज तितकीच अवघड. तिथे स्पर्धेलाच जाणे होते. गावात लेन मिळेपर्यंत दोन वाटा आहेत. पहिली एनसीसी. महाविद्यालयात जाणाऱ्यांनी ती सोडू नये. कॅडेटला .२२ हातात मिळते, स्वतःच्या परवान्याशिवाय आणि शिस्तीत. अंजली भागवत यांचा सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंतचा प्रवास एनसीसीतूनच सुरू झाला. शाळकरी मुलांसाठी शालेय क्रीडा स्पर्धांमध्ये नेमबाजी आहे, तिच्या प्रवेशिका शाळेमार्फत जातात. मुख्याध्यापकांना माहिती नसेल तर पालकांनी ती द्यावी.

दुसरी वाट घरातली, रिकाम्या बंदुकीच्या सरावाची. मोठे नेमबाजही तो रोज करतात. एअर रायफलच्या टार्गेटचा काळा भाग ३०.५ मिलिमीटरचा असतो आणि दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा. खोली पाच मीटरची असेल तर काळा गोल १५ मिलिमीटरचा कापून जमिनीपासून १.४ मीटर उंचीवर भिंतीला चिकटवावा. छर्‍यांची डबी त्या खोलीत आणू नये, आणि सुरू करण्याआधी नळी रिकामी असल्याचे घरातल्या मोठ्या माणसाने पाहावे. बंदूक स्प्रिंगची असेल तर तिचा रिकामा घोडा ओढू नये, आतला भाग खराब होतो. तिच्यावर फक्त पवित्रा, श्वास आणि नेम धरण्याचा सराव करावा. हवेच्या सिलिंडरच्या मॅच रायफलमध्ये कोरड्या सरावाची सोय बहुधा असते. रोज वीस मिनिटे पुरतात.